फ्री लंचचा टक्का बघून शाळेबद्दल मत बनवताय? या चुका टाळा

अमेरिकेत घर घ्यायचं म्हटलं की आपली मंडळी आधी शाळेचं पान उघडतात, आणि तिथे 'फ्री अँड रिड्युस्ड लंच ७२ टक्के' (म्हणजे शाळेत फुकट किंवा सवलतीत जेवणाला पात्र मुलं) दिसलं की एरिया बाद! अहो जरा थांबा, हा आकडा मुळात जेवणाचं बिल कोण भरणार यासाठी काढलेला असतो, गरिबी त्यातून आपण काढतो.

आता यात 'गरीब' कोण तेच बघा. पॉव्हर्टी लाइनच्या १३० टक्क्यांपर्यंत इन्कम असेल तर फ्री, १८५ पर्यंत रिड्युस्ड, म्हणजे २०२४-२५ ला चार जणांच्या घरात टॅक्सआधी ५७,७२० डॉलर येत असले तरी पोरगं यादीत. आणि अलास्का-हवाई सोडून ४८ राज्यांना लाइन एकच, त्यामुळे मिसिसिपीच्या खेड्यात एवढ्यात नीट भागतं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या महागड्या बे एरियात भाडं देतानाच नाकी नऊ येतात, पण टक्क्यात दोघं सारखेच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते १०० टक्क्यांवर. गेल्या वर्षी ६१ होते, यंदा एकदम १००, मग काय सगळे एका वर्षात कंगाल झाले का? शाळा सीईपीमध्ये (कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन, म्हणजे सगळ्या शाळेलाच फुकट जेवण द्यायची स्कीम) गेली का ते आधी बघा. २०१४-१५ पासून ही स्कीम देशभर आहे, फूड स्टॅम्प (गरिबांना किराण्यासाठी सरकारी मदत) वगैरेच्या यादीवरून थेट सापडलेली मुलं ४० टक्के असली (२०२३ पासून २५ च) की शाळा ठरवू शकते की सगळ्यांनाच फुकट जेवण, घरोघरी इन्कमचा फॉर्म भरून घ्यायची भानगडच नाही. मग काही राज्यं सरळ १०० लिहून टाकतात, काही सापडलेल्यांना १.६ ने गुणतात, म्हणजे ५० चे ८०. अशा वेळी 'डायरेक्ट सर्टिफिकेशन'चा, म्हणजे यादीवरून थेट सापडलेल्या मुलांचा, आकडा शोधा, तो बराच बरा. फक्त स्थलांतरितांच्या वस्तीत तोही कमी दिसतो, कारण कागदपत्रं नसलेल्यांना फूड स्टॅम्प मिळतच नाही.

२०२०-२२ मध्ये कोविडमुळे जेवण सरसकट फुकट होतं, फॉर्म कोण भरणार, त्यामुळे त्या वर्षांतून ट्रेंडची रेघ ओढू नका. कॅलिफोर्निया, मिनेसोटात तर आता कायमचंच फुकट, आपल्याकडे शालेय पोषण आहार पहिली ते आठवी सरकारी-अनुदानित शाळेत सगळ्यांना असतो तसंच.

हायस्कूलचा टक्का कमी दिसला म्हणून खूश होऊ नका, त्या वयात पोरं लाजेपायी फॉर्म घरी दाखवतच नाहीत. त्याच भागातली मिडल स्कूल बघा.

आणि यादीतली सगळी मुलं एकसारखीही नसतात. मिशिगनमध्ये आठवीतली जवळपास निम्मी यादीत होती, पण केजीपासून दरवर्षी असलेली फक्त १४ टक्के, आणि मार्कांत सगळ्यात मागे तीच. एका वर्षाच्या टक्क्यात हे कुठून दिसणार.

तुमची शाळा अजून फॉर्म घेत असेल आणि इन्कम बसत असेल तर पोरगं घरचा डबा नेत असलं तरी फॉर्म भरा. मोजतात पात्र कोण ते, जेवलं कोण ते नाही, आणि बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये टायटल वनचा (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठी केंद्राची मदत) पैसा याच आकड्यावरून शाळाशाळांत वाटला जातो. इमिग्रेशन स्टेटस त्यात विचारत नाहीत.