प्लाक स्कॅन करताना या चुका टाळा

प्लाक, म्हणजे दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर, रंगवून दाखवणारं डिस्क्लोझिंग सोल्यूशन लावलं की लगेच स्कॅनर तोंडात घालायचा, ही नव्या डॉक्टरांची घाई बघून मी वैतागले आहे. स्कॅनरला प्लाक कळत नाही, रंग दिसतो. दातावर चिकटलेला रंग आणि लाळेतला रंग त्याला सारखाच.

एकदा मीही हेच केलं. पेशंट शिक्षिका होत्या. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू स्क्रीनवर गडद जांभळी दिसली आणि मी सुनावलं, "ताई, आतून तुमचा ब्रश फिरतच नाही." त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, रोज आरशात बघून घासते हो." मग प्रोब (दात चाचपायचं बारीक टोकाचं हत्यार) फिरवला, तर टोकाला काहीच लागलं नाही. जिभेखाली साचलेली रंगीत लाळ दातांवर चढली होती. सक्शन लावून, हवा मारून परत स्कॅन केलं, तर रंग फक्त दोन फटींत हिरडीलगत उरला. मी त्यांची माफी मागितली.

तेव्हापासून आधी चूळ, मग सक्शन, मग थ्री-वे सिरिंजने हवा आणि शेवटी स्कॅन. तेही खालचे पुढचे दात आतून सगळ्यात आधी, लाळ साचायच्या आत. शंका आली की प्रोब. हे मिनिट वाचवणाऱ्याने आकडा लिहूच नये. ओलिअरी इंडेक्समध्ये, म्हणजे प्लाक असलेल्या बाजूंच्या टक्केवारीत, 28 दातांच्या 112 बाजू (दाताला चार) मोजतात आणि 10 टक्क्यांच्या आत यायचं असतं. त्या सहा दातांची आतली बाजू चुकीची धरली, तरी पाच टक्के फुकट वाढतात.

मागच्या स्कॅनशी तुलना करताना शेवटचं ब्रशिंग कधी झालं ते विचारा. सकाळी घासून आलेला आणि संध्याकाळी कामावरून थेट आलेला, यांची तुलना होत नाही.

रंग लावण्याआधीचा एक स्कॅन हवाच, नाहीतर चहा-तंबाखूचे डागही प्लाकमध्ये मोजले जातात. खडबडीत फिलिंगच्या कडा रंग धरतात, त्या तपासा. चेअरचा दिवा बाजूला करा. ओठांना व्हॅसलीन लावा. सोल्यूशनमध्ये एरिथ्रोसिन हा लाल रंग असेल तर ॲलर्जी आधी विचारा, त्यात आयोडीन असतं.

आणि स्कॅन झाल्याझाल्या स्केलिंगला (दात खरवडून साफ करायला) हात घालू नका. पेशंटला स्क्रीनवर एकच दात मोठा करून दाखवा, हातात ब्रश द्या, रंग त्यालाच काढू द्या. मग तोच दात परत स्कॅन करा.