नेटवर्किंग लायब्ररीच्या टाइप व्याख्या खऱ्या कशा ठेवाव्यात

टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टला टाइपची (कुठली किंमत कोणत्या प्रकारची, याची) जोड देणारी भाषा. लायब्ररीचे टाइप सांगणारी तिची व्याख्या-फाइल प्रोग्राम चालताना कुठेच नसते. त्यामुळे ती चुकीची असली तरी लायब्ररीच्या चाचण्या बिनबोभाट पास होतात आणि चूक सापडते ती वापरणाऱ्याला. म्हणून शक्य असेल तिथे व्याख्या हाताने लिहूच नका. कोड टाइपस्क्रिप्टमध्ये असेल तर 'डिक्लरेशन' पर्याय चालू करा, म्हणजे कंपायलर ती फाइल स्वतःच तयार करतो. जावास्क्रिप्टमध्ये असेल तर जेएसडॉक टिपणांवरून (कोडमध्येच टाइप सांगणाऱ्या शेऱ्यांवरून) टाइपस्क्रिप्ट ३.७ पासून तशीच फाइल तयार होते. हाताने लिहिलेली फाइल ठेवायचीच असेल, तर एपीआय (लायब्ररी वापरण्याची बाहेरून दिसणारी रचना) बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (बदलांच्या प्रस्तावातच) ती बदलली पाहिजे, नंतरच्या नाही.

नेटवर्किंगमधल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच: जोडणी सुरळीत चालू आहे असे धरून टाइप लिहिला जातो. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) मधल्या सर्व्हरची 'अ‍ॅड्रेस' पद्धत घ्या. टीसीपीवर ती ऑब्जेक्ट देते, युनिक्स सॉकेटवर स्ट्रिंग देते, आणि सर्व्हर ऐकायला लागण्याआधी नल देते. तिन्ही शक्यता युनियनमध्ये ('यापैकी एक' असे सांगणाऱ्या टाइपमध्ये) हव्यात. सॉकेटचा 'रिमोट अ‍ॅड्रेस'ही समोरचा निघून गेल्यावर अनडिफाइन्ड (किंमतच नसलेला) होतो. तिथे नुसते 'स्ट्रिंग' लिहिले, तर लॉग लिहिणारा कोड नेमका जोडणी तुटण्याच्या क्षणी कोसळतो. म्हणून प्रत्येक गुणधर्माला तीन प्रश्न विचारा: जोडणीपूर्वी काय मिळते, चालू असताना काय, तुटल्यावर काय? उत्तर दस्तऐवजात शोधण्यापेक्षा छोटा प्रोग्राम चालवून बघा.

'डेटा' घटनेत बफर (कच्च्या बाइटचा साठा) येतो, पण एन्कोडिंग ठरवले असेल तर स्ट्रिंग येते. हेडरचेही असेच आहे: 'सेट-कुकी' नेहमी अ‍ॅरे असते, बाकीचे बहुतेक हेडर दोनदा आले तर स्वल्पविरामाने जोडून एकच स्ट्रिंग होतात. सगळ्यांना एकच सैल टाइप देण्यापेक्षा अशा ठरलेल्या नावांना वेगळा टाइप द्या. बाहेरून आलेल्या, पार्स केलेल्या जेसनला मात्र 'एनी' (तपासणीच नाही) देऊ नका, 'अननोन' (आधी तपासा, मग वापरा) द्या. वापरणाऱ्याला तपासणी करावी लागेल आणि तो कुरकुरेल, पण तारेवरून काय येईल याची हमी लायब्ररी देऊच शकत नाही.

पर्यायांच्या ऑब्जेक्टमध्ये एक खोच आहे. 'टाइमआउट' ऐच्छिक ठेवला आणि कुणी तिथे मुद्दाम अनडिफाइन्ड दिले, तर स्प्रेडने (एका ऑब्जेक्टचे गुणधर्म दुसऱ्यात ओतणाऱ्या '...' ने) डीफॉल्टशी एकत्र करताना डीफॉल्ट किंमत पुसली जाते. टाइपस्क्रिप्ट ४.४ मध्ये आलेला 'एक्झॅक्ट ऑप्शनल प्रॉपर्टी टाइप्स' (ऐच्छिक गुणधर्माला मुद्दाम अनडिफाइन्ड देणे अडवणारा पर्याय) चालू करून पाहा आणि अनडिफाइन्ड चालते की नाही हे व्याख्येतच स्पष्ट लिहा.

टाइपनाही चाचण्या लागतात. टाइप तपासणारे 'टीएसडी'सारखे साधन वापरा, किंवा वेगळ्या फाइलमध्ये नमुना कोड लिहून 'नो एमिट'सह (फाइल न बनवता, फक्त तपासणीसाठी) कंपायलर चालवा. बरोबर वापर चालतो एवढेच तपासून भागत नाही, चुकीचा वापर अडला पाहिजे. त्यासाठी चुकीच्या ओळीवर 'टीएस एक्स्पेक्ट एरर' हा शेरा टाका. तिथे चूक निघाली नाही, तर कंपायलरच तक्रार करतो. 'स्किप लिब चेक' (व्याख्या-फाइलची तपासणी वगळणारा पर्याय) इथे बंद ठेवा, नाहीतर तुमच्याच व्याख्या-फाइलमधल्या चुका झाकल्या जातील.

व्याख्या बरोबर असूनही पॅकेज फसू शकते. पॅकेज जेसन या माहिती-फाइलमधल्या, कधी कुठली फाइल द्यायची ते सांगणाऱ्या 'एक्स्पोर्ट्स'मध्ये 'टाइप्स' ही अट प्रत्येक शाखेत सर्वांत वर हवी, कारण अटी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळणारी घेतली जाते. ईएसएम आणि कॉमनजेएस (जावास्क्रिप्ट मोड्यूलच्या नवी आणि जुनी अशा दोन पद्धती) दोन्ही देत असाल, तर दोन्हींसाठी स्वतंत्र व्याख्या-फाइल लागते, एकीवर भागत नाही. पॅकेजमधल्या टाइपच्या अशा चुका शोधणारे 'आर द टाइप्स राँग' हे साधन प्रकाशनाआधी बांधलेल्या पॅकेजवर चालवा. व्याख्येत बफर किंवा सॉकेटचा उल्लेख असेल, तर नोडचे टाइप-पॅकेज नुसत्या 'डेव्ह डिपेन्डन्सीज'मध्ये (फक्त विकासासाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) ठेवून चालत नाही, वापरणाऱ्याकडे ते पोहोचतच नाही.

आवृत्त्यांकडेही लक्ष असू द्या. नोड १८.० मध्ये पत्त्याचा 'फॅमिली' (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) गुणधर्म स्ट्रिंगऐवजी आकडा झाला आणि १८.४ मध्ये पुन्हा स्ट्रिंग झाला. असे बदल सीआयमध्येच (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्येच) पकडायचे, तर पाठिंबा असलेल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या अशा दोन्ही नोडवर आणि दोन्ही टाइपस्क्रिप्टवर चाचण्या चालवा. टाइपस्क्रिप्ट स्वतः सेमव्हर (मोडणारे बदल फक्त मोठ्या आवृत्तीतच, हा नियम) पाळत नाही, त्यामुळे त्याच्या किरकोळ वाटणाऱ्या आवृत्तीतही नवी चूक दिसू शकते. तुमच्या बाजूने परत येणाऱ्या टाइपमध्ये अनडिफाइन्डची भर घातली, तर स्ट्रिक्ट मोडमध्ये वापरणाऱ्याचा कोड मोडतो, आणि ते बदल-नोंदीत ठळकपणे लिहायलाच हवे.