गाडी कॉलेजपर्यंत की फाट्यापर्यंत?

बारावीचा निकाल लागून यवतमाळच्या कॉलेजात नंबर लागला, की आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी गाडीचा विषय निघतो. यंदा तो आमच्याच घरात निघाला आहे. लहान भावाला मोटारसायकल पाहिजे. मामांचं म्हणणं, जुनी कार घ्या, पोरगं भिजणार नाही. बाबा म्हणतात, "येवढी घाई कायले? आधी पेरणी तर होऊ दे." मी याच रस्त्यानं तीन वर्षं बीएस्सीला जाऊन आले, म्हणून ही तयारी लिहून काढते आहे. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांच्याही कामी येईल.

सगळ्यात आधी वही घ्या आणि रस्ता तुकड्यातुकड्यानं लिहा. आमचं गाव नेरजवळच्या फाट्यापासून आठ किलोमीटर आत. फाट्यापासून यवतमाळ तीसेक किलोमीटर. त्या तीस किलोमीटरला एसटी दिवसभर आहे. आतल्या आठ किलोमीटरला सकाळी एक आणि संध्याकाळी एक. म्हणजे अडचण आहे ती आठ किलोमीटरची, आणि घरात चर्चा चालते अडतीस किलोमीटरच्या गाडीची. तुमच्या गावाचं हे गणित वेगळं असेल, पण ते मांडल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

मग खर्च लिहा. जाऊन-येऊन 76 किलोमीटर. मोटारसायकल आपल्या रस्त्यावर लिटरला 55 देते असं धरा, पेट्रोल 105 रुपये धरा, तर दिवसाला 145 रुपये आणि महिन्याचे 24 दिवस धरले तर साडेतीन हजार. कार 18 देते असं धरलं तर महिन्याला साडेदहा हजारांच्या वर. तीच मोटारसायकल फक्त फाट्यापर्यंत नेली तर पेट्रोल साडेसातशेच्या आत बसतं. पुढं एसटीचा विद्यार्थी पास आहे, त्यात एक तृतीयांशच भाडं भरावं लागतं. मुलींना मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. नंतर महिलांचं अर्धं तिकीट आहे, पण रोज जाणारीला पासच स्वस्त पडतो. त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड, म्हणजे तिथं शिकत असल्याचा दाखला, पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

माझं ठाम मत आहे की पहिले तीन-चार महिने गाडी घेऊच नये. कॉलेज सुरू होतं ते ऐन खरिपात. तेव्हा हातातला पैसा बियाणं, खत आणि फवारणीत गेलेला असतो, आणि पीककर्जातून गाडीचं डाउन पेमेंट काढलं की डवरणीच्या मजुरीला उसनवारी करावी लागते. सोयाबीन ऑक्टोबरात घरी येतं, कापूस त्याच्या मागून. तोवर मुलाला गावच्या बसनं, काळीपिवळीनं, सायकलनं जाऊ द्या, आणि त्याला एक काम सांगा: कोणत्या दिवशी बस हुकली, कशामुळं हुकली, घरी किती वाजता पोचला, हे रोज लिहायचं. मी लिहिलं होतं. प्रॅक्टिकल पाचला सुटायचं आणि आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची गावची बस निघून गेलेली असायची. ती वही बाबांपुढं ठेवली, तेव्हा गाडी घेण्यावरून त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही.

या महिन्यांत परवान्याचं काम उरकतं. बारावी झालेली बरीच मुलं अजून सतराचीच असतात. गिअरच्या मोटारसायकलला, स्कूटरला आणि कारला वय 18 पूर्ण लागतं. त्याआधी मुलाच्या हाती गाडी दिली, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. 'गावातल्या गावात तर चालवतो' हे बोलणं मी फार ऐकलं आहे. ते मान्य करू नका. अठरा झाले की शिकाऊ परवाना काढा. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकाऊ परवान्यावर मागं मित्राला बसवायचं नाही. दुचाकीचा आणि कारचा वर्ग वेगळा असतो, हेही अर्ज भरताना बघा.

आता कोणती. कार मी यादीतून काढून टाकली. ती घरासाठी, आजीला दवाखान्यात न्यायला घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण तो हिशेब वेगळा, कॉलेजच्या नावावर टाकू नका. मामांचा पावसाचा मुद्दा उलटा पडतो: आमच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहतं तेव्हा छोटी कार फूटभर पाण्यातही तरंगायला लागते. पाणी उतरेपर्यंत थांबणं हाच उपाय, गाडी कोणतीही असो.

शंभर-एकशेदहा सीसीची साधी मोटारसायकल आपल्या मातीला मानवते, कारण तिची चाकं मोठी असतात. स्कूटरची चाकं लहान, खड्ड्यात आदळतात. पण साडी किंवा ड्रेस घालणाऱ्या मुलीला, आणि घरात आईही चालवणार असेल तर, स्कूटरच सोयीची. काळ्या मातीचा चिखल दोन्हींच्या मडगार्डमध्ये दाटतो आणि चाक फिरेनासं होतं, म्हणून पावसाळ्यात डिक्कीत एक काडी आणि जुनं फडकं ठेवा. शेतातल्या पांदण रस्त्यानं जवळ पडतं म्हणून गाडी त्यात घालू नका. टायर ट्यूबलेस असावेत, बाभळीचा काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि फाट्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. रोजचे सोळाच किलोमीटर असतील तर इलेक्ट्रिक स्कूटरचाही विचार करा. रात्री घरीच चार्ज होते, मात्र लाईन जाते त्या रात्रीचा अंदाज घ्या आणि मे महिन्यात ती उन्हात उभी राहणार नाही अशी जागा शोधा. 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक गाडीला नोंदणी आणि परवाना लागत नाही, पण ती हायवेवर नेण्यासारखी नसते.

जुनी घेत असाल तर आधी कागद, मग इंजिन. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं, नाव विकणाऱ्याचंच आहे का, चेसिस नंबर जुळतो का, बँकेचा बोजा उतरला आहे का, चलन थकलं आहे का, विमा कधी संपतो. एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसवलेली हवी. पैसे देतानाच नाव बदलण्याच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सही करून घ्या आणि विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. दुसऱ्याच्या नावावर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या गाड्या गावोगाव आहेत. अपघात झाला की दोन्ही घरं अडचणीत येतात.

गाडीच्या किमतीतच दोन आयएसआय हेल्मेट धरा, मागं बसणाऱ्यालाही ते लागतं. रेनकोट, दुपट्टा, पाण्याची बाटली. फाट्यावर गाडी कुणाच्या दुकानापुढं, कुणाच्या नजरेखाली उभी राहणार, हे घेण्याआधी बोलून ठरवा आणि महिन्याचे काही पैसे द्या.

रात्रीचा नियम घरानं मिळून करावा. कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या रस्त्यावर असतात, आणि तुरीतून रोही (नीलगाय) कधी आडवा येईल सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी दिवेलागणीला माझ्यापुढं रोही आला, मी पडले, हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं. तेव्हापासून आमच्याकडे अंधार पडला की गाडी फाट्यावरच राहते आणि फोन केला की बाबा घ्यायला येतात.

भावाला ऑक्टोबरात अठरा पूर्ण होतात. त्याची वही सुरू झाली आहे, पहिल्या पानावर बसच्या वेळा लिहिल्या आहेत. सोयाबीन विकलं गेलं की आम्ही दोघं नेरला गाड्या बघायला जाणार आहोत. तोवर त्याला माझी जुनी सायकल आहे, कालच तिची चेन बदलून आणली.