जेल शिपाई भरतीची तयारी करताय? मग या चुका टाळा (दोन मी स्वतः केल्यात)

पोलीस भरतीचा फॉर्म भरायला बसलं की शिपाई, चालक, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) यांच्यासोबत कारागृह शिपाई पण दिसतं, आणि पोरं म्हणतात चला हा पण टाकून देऊ, कुठंतरी नंबर लागेल. सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. कारण मग जाहिरात नीट वाचली जात नाही, आत काम काय असतं ते कुणाला विचारलं जात नाही, आणि सिलेक्शन झाल्यावर पहिल्या महिन्यात पोरगा घरी फोन करून सांगतो की मला पोलीस व्हायचं होतं, हे काय भलतंच. मी दुसऱ्या प्रयत्नात लागलो, आता काही वर्षं आत ड्युटी करतोय, म्हणून जे बघितलं ते लिहितोय.

फॉर्ममधला घोळ

जेल शिपाईच्या जागा जिल्ह्याप्रमाणे नसतात, विभागाप्रमाणे असतात. 2024 च्या भरतीत मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर असे विभाग होते. एका पदाला एकच अर्ज हा नियम आहे, तरी पोरं दुसऱ्या मेल आयडीवरून दुसऱ्या विभागात पण फॉर्म टाकतात आणि मग दोन्हीकडून लटकतात. दुसरं म्हणजे सगळे एकूण जागांचा आकडा बघून विभाग ठरवतात. 2024 च्या त्या मोठ्या भरतीत जेल शिपाईच्या 1800 जागा होत्या, त्यातल्या 513 पुण्याला, आणि एकट्या पुण्याला अर्ज आले लाखाच्या वर. एकूण आकड्याला काही अर्थ नाही भावा, तुझ्या प्रवर्गात, तुझ्या समांतर आरक्षणात (महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरे) किती जागा आहेत तो रकाना बघ.

कागदपत्रांचं तर विचारू नका. ही माझी पहिली चूक. नॉन क्रिमिलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारं सर्टिफिकेट, होतं माझ्याकडे, पण जुनं, मुदत संपलेलं, आणि नवीन काढायला मी गेलो फॉर्मची शेवटची तारीख उलटून गेल्यावर, कारण अकॅडमीतल्या सरांनी सांगितलेलं की व्हेरिफिकेशनला दाखवलं तरी चालतं. नाही चाललं. मला ओपनमध्ये धरलं आणि ओपनच्या कटऑफला मला चार मार्क कमी पडले. एक अख्खं वर्ष गेलं एका तारखेपायी. त्यामुळे जाहिरातीत जी तारीख दिलीय तिच्या आतली तारीख सर्टिफिकेटवर आहे का ते आज बघा, सेतूमध्ये रांग लागायच्या आधी. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव जसं आहे तसंच फॉर्मवर टाका, आधारवर वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

मैदान

मैदानी 50 मार्कांची. पुरुषांना 1600 मीटर 20 मार्क, 100 मीटर 15, गोळाफेक 15. मुलींना 1600 च्या जागी 800. पन्नासात निम्मे म्हणजे 25 तर पाहिजेतच, पण तेवढ्यावर कोणी लेखीला जात नाही, कारण एका जागेला दहा याप्रमाणेच बोलावतात.

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे नडगी दुखते. पहाटे चारला उठून डांबरी रोडवर रोज 1600 चा टायमिंग काढायचा, बूट घासून गुळगुळीत झालेले, आणि दीड महिन्यात नडगीला हात लावू देत नाही अशी अवस्था. मग मेडिकलमधून गोळी घेऊन परत पळायचं. असं करू नका. टायमिंग आठवड्यातून एकदाच काढा, बाकी दिवस मातीवर किंवा गवतावर हळू आणि लांब पळा, आणि दुखायला लागलं तर आठ-दहा दिवस रनिंग पूर्ण बंद, तेवढ्यात गोळा आणि हाताची ताकद करा. भरती जवळ आली की इंजेक्शन विकणारे पण फिरतात ग्राउंडवर, त्यांच्यापासून लांबच रहा.

गोळ्याकडे कोणी लक्षच देत नाही, आणि खरं सांगायचं तर स्वस्तातले मार्क तिथंच आहेत. पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा, साडेआठ मीटर गेला की पंधराच्या पंधरा. पोरं काय करतात, तो क्रिकेटच्या बॉलसारखा हाताने फेकतात, खांदा जातो आणि गोळा सहा मीटरवर पडतो. गोळा मानेला टेकवून ठेवायचा, तळहातात नाही तर बोटांच्या मुळाशी, गुडघ्यात वाकायचं आणि जोर पायातून वर आणायचा, हात सगळ्यात शेवटी. आणि फेकल्यावर तोल जाऊन पुढच्या रेषेवर पाय पडला की फाऊल, म्हणून फेकताच पाय बदलून आत थांबायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्यासमोर एका पोराचा चांगला लांब गेलेला गोळा फाऊल झाला होता, त्याचं तोंड अजून आठवतं.

उंची पुरुषांना 165 सेमी, छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 ची वाढ. उंची काठावर असेल तर रात्रभर बसमध्ये बसून, जागून मैदानावर जाऊ नका. आदल्या दिवशी पोचा आणि आडवे पडून झोपा, दमलेलं शरीर एखादा सेंटीमीटर आत जातं हे खोटं नाही.

पेपर

मैदान 50 चं आणि पेपर 100 चा, तरी पोरं दिवसाचे पाच तास मैदानाला देतात आणि रात्री जेवून पुस्तक उघडून पेंगतात. साधा हिशोब करा. मैदानात 48 आणि पेपरात 70 म्हणजे 118. मैदानात 40 आणि पेपरात 84 म्हणजे 124. बस. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न असतात म्हणजे एकाला मिनिट पण मिळत नाही, त्यामुळे गणितात अडकून बसायचं नाही, मराठी व्याकरण आधी उडवायचं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी गोल कोरे सोडून येणारे भेटतात, त्यांना काय बोलणार.

आणि आता खरी चूक

ही कोणी सांगत नाही. तुम्ही तयारी पळायची करता, पण आत गेल्यावर पळायचं काम जवळपास नसतंच. आत मोजायचं असतं, झडती घ्यायची असते, कुलूप बघायचं असतं, आणि दिवसातून पन्नास वेळा नाही म्हणायचं असतं. गेटच्या छोट्या खिडकीतून डोकं वाकवून आत गेलात की मोबाईल बाहेर जमा, झडती तुमची पण होते, आणि संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर कैद्यांची गिनती जुळेपर्यंत कोणी हलत नाही. एकने कमी आली तर परत पहिल्यापासून. मुंबईच्या आर्थर रोड जेलची अधिकृत क्षमता हजाराच्या आत, आणि तिथं तीन-तीन हजारांच्या वर बंदी, म्हणजे कैदी, राहिलेत, म्हणजे मोजणं किती सोपं असेल बघा.

नवीन पोरं दोन टोकांना जातात. एक म्हणजे पिक्चर बघून आलेले, सारखा आवाज चढवतात. आत अर्ध्याच्या वर लोक न्यायाधीन आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय, आणि शिक्षा सुनवायचं काम कोर्टाचं आहे, आपलं नाही. दुसरे म्हणजे लगेच विरघळणारे. माझी दुसरी चूक ही. एक म्हातारा बंदी होता, रोज राम राम घालायचा, एक दिवस म्हणाला, "साहेब, पोरीचं बाळंतपण जवळ आलंय, घरी एवढं विचारून सांगा ना." नंबर चिठ्ठीवर लिहिलेला. मी चिठ्ठी खिशात घातली. गेटवर आमच्या सुभेदारांनी खिसा चाचपला, चिठ्ठी बघितली, फाडली आणि एवढंच म्हणाले, "आज नंबर आहे, उद्या पुडी येईल." फोन करायची आत रीतसर सोय असते, मुलाखत (घरच्यांची भेट) असते, अर्ज देता येतो, तोच रस्ता दाखवायचा. आणि म्हाताऱ्याची पोर खरंच बाळंतीण झाली होती, पुढच्या मुलाखतीत कळलं. पण चूक ती चूकच.

अजून एक, घरच्यांना आधी सांगून ठेवा. शिफ्ट असते, दिवाळीला ड्युटी लागते, आणि आठ तास फोन लागत नाही. मी लग्न ठरवताना हे बोललोच नव्हतो, पहिल्या पाडव्याला बायको सकाळपासून फोन लावत होती आणि माझा मोबाईल गेटवरच्या कप्प्यात वाजत होता. ती अजून ऐकवते.