शिंगटी हातात कर्रकर्रते तेव्हा

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी माशांचे आवाज हा विषय घेतला तेव्हा घरी सगळ्यांनी विचारलं, मासे बोलतात? उत्तर मला गंगापूर धरणावर मिळालं. पहाटे जाळी काढणाऱ्या मामांनी एक शिंगटी, म्हणजे मिशा असलेला काटेरी मासा, सोडवून हातात दिली. "काट्याला जपा, ताई." बोटांत धरली तशी ती कर्रकर्र वाजू लागली. कानाआधी बोटांनाच कळलं. छातीच्या पराचा काटा खोबणीत घासून ती हा आवाज काढते.

या विषयात येणाऱ्यांनी हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, आधी मासा हाताळावा, असं मी कळकळीने सांगेन. मग मासे ऐकतात कसं ते बघायला रोहू आणा, पण मासेवाल्याला मुंडकं तोडायला सांगू नका. माझी पहिली दोन मुंडकी त्यातच वाया गेली. आपल्याला हवी ती बारीक हाडं पहिल्या मणक्यांना चिकटून असतात, नेमकी कोयता पडतो तिथे. चार जोड्या. सगळ्यांत मोठं हाड माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला टेकलेलं असतं. पिशवी थरथरली की ती थरथर हाडाहाडांतून आतल्या कानापर्यंत जाते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबरने 1820 मध्ये ही साखळी दाखवून दिली. भिंगाखाली ती स्वतः सुटी केली त्या दिवशी मला जेवणाची शुद्ध नव्हती. शिंगटीकडेही ही साखळी असते, चिलापीकडे नसते; म्हणून चिलापीला बारीक, उंच आवाज फारसे ऐकू येत नाहीत.

ध्वनिमुद्रणात माझे तीन आठवडे फुकट गेले. काचेच्या टाकीत मिळाली ती नुसती फिल्टरची आणि विजेची 50 हर्ट्झची घरघर. शिवाय पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, म्हणजे 1000 हर्ट्झची एक लाट दीड मीटरची. दोन फुटी टाकीत ती मावतच नाही, भिंतींवर आपटून आवाजाचा आकार बिघडतो. मोठा सिमेंटचा हौद बघा, पंप बंद करा, हायड्रोफोन माशाच्या जवळ सोडा. पाण्याचं तापमान दर वेळी वहीत लिहा.

हौदात मी पाइपचा एकच तुकडा ठेवला होता. रात्री एक शिंगटी त्यात बसलेली, दुसरी पाइपच्या तोंडाशी आली. हेडफोनमध्ये कर्र, कर्र, आणि दुसरी मागे सरकली.