अमेरिकेतल्या गव्हर्नरांचे आदेश ऑनलाइन शोधताय? या चुका टाळा

पहिली चूक जागेची. फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या राजपत्रात, राष्ट्राध्यक्षांचे कार्यकारी आदेश छापून येतात. गव्हर्नरांचे आदेश तिथे कितीही शोधा, सापडणार नाहीत. त्यासाठी त्या-त्या राज्याच्या संकेतस्थळावरच जावं लागतं, आणि पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा.

खरा घोळ होतो तो क्रमांकात. न्यू जर्सीत नवा गव्हर्नर आला की मोजणी पुन्हा १ पासून सुरू. त्यामुळे नुसतं 'आदेश क्रमांक १०७' शोधलंत, तर फिल मर्फींचा मार्च २०२० चा घरी थांबण्याचा आदेश हवा असताना आधीच्या गव्हर्नरचा भलत्याच विषयावरचा आदेश हाती येऊ शकतो. क्रमांकासोबत गव्हर्नरचं नाव आणि वर्ष टाकाच. कॅलिफोर्नियाने ही सोय क्रमांकातच करून ठेवली आहे: एन-३३-२० या आदेशातला 'एन' गव्हर्नर न्यूसम यांचा, शेवटचे २० म्हणजे २०२०. त्यांच्या आधीचे गव्हर्नर ब्राउन यांच्या आदेशांना 'बी', श्वार्झनेगर यांच्या आदेशांना 'एस'. ही पद्धत मला सगळ्यात आवडते. न्यूयॉर्कमध्ये मात्र तेव्हाचे गव्हर्नर क्युओमो यांनी कोविडकाळात आदेश २०२ ला २०२.१, २०२.२ करत शंभराहून जास्त पुरवण्या जोडल्या. त्यातली एकच वाचून मत बनवू नका. पुढच्या पुरवणीने आधीचं कलम बदललेलं असू शकतं.

यादी चुकली तरी आदेश मिळत नाही. वॉशिंग्टन राज्याचा २०२० चा घरी थांबण्याचा हुकूम 'उद्घोषणा २०-२५' आहे, म्हणून तो कार्यकारी आदेशांच्या यादीत दिसत नाही. विस्कॉन्सिनचा 'सेफर ॲट होम' हा घरी थांबण्याचा आदेश तर गव्हर्नरच्या नव्हे, आरोग्य खात्याच्या प्रमुखांच्या नावाने निघाला होता.

जुनी लिंक उघडत नसेल तर बहुधा गव्हर्नर बदललेले असतात आणि संकेतस्थळही. अशा वेळी राज्याचं ग्रंथालय किंवा अभिलेखागार गाठा. टेक्ससचे जुने आदेश तिथल्या विधिमंडळाच्या संदर्भ ग्रंथालयात मिळतात. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर आतला मजकूर शोधात येत नाही, तेव्हा तारखेने शोधा.

आणि आदेश सापडला म्हणजे तो लागू आहे असं धरून चालू नका. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०२० रोजी गव्हर्नर व्हिटमर यांच्या आणीबाणीच्या आदेशांचा आधारच काढून घेतला. त्या आदेशांच्या प्रती मात्र आजही वाचायला मिळतात. अर्जात किंवा लेखात हवाला देण्याआधी आदेशाची मुदत आणि तो नंतर रद्द झाला का, एवढं तपासा.