ओल्या किनाऱ्यावर लाकडावर घर गरम ठेवायचं तर

आम्ही ॲस्टोरियाला राहतो, ओरेगॉनात, जिथे कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे. इकडे यायच्या आधी अमेरिकेतली थंडी म्हणजे बर्फ असंच डोक्यात होतं, पण इथे बर्फ क्वचित पडतो. जानेवारीत दिवसा 8-9 डिग्री, रात्री 2-3, आणि पाऊस वर्षाला 1700 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रत्नागिरीच्या निम्मा म्हणा, पण तो ऑक्टोबर ते मे असा रडत रडत पडतो. आकडे बघून वाटतं की ही कसली थंडी, पण घरात गादी दमट, टॉवेल वाळत नाही, कपाटात मागच्या भिंतीला लागलेल्या साड्यांना बुरशी, आणि लाइट गेली की हीटर बंद. 2007 च्या डिसेंबरातल्या वादळाची आठवण इथले लोक अजून काढतात, तेव्हा कित्येक दिवस लाइट नव्हती. म्हणून घराघरात वुड स्टोव्ह, म्हणजे काचेच्या दाराची, चिमणी जोडलेली बंद लाकडाची शेगडी. आमच्याकडे आता बऱ्याच वर्षांचा अनुभव जमलाय, त्यातले पहिले दोन हिवाळे धुरात गेले, तेव्हा जे कळलं ते लिहितो.

सगळ्यात आधी लाकूड, कारण नव्वद टक्के कटकटी तिथेच असतात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं, ते जाळलं की आधी पाण्याची वाफ करण्यात धग जाते आणि उरलेला थंड धूर चिमणीला आतून चिकटतो. 20 टक्क्यांच्या खाली ओल हवी. ओल मोजायचा एक मॉइश्चर मीटर घ्या, स्वस्त असतो, पण लाकडाच्या टोकाला टोचून खूश होऊ नका. टोक आधी वाळतं, मधे ओलच असते. फाटा मधोमध फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचायचा. मीटर नसेल तर दोन फाटे एकमेकांवर आपटा, वाळलेला टणकन वाजतो, ओला धप करतो.

आमच्याकडे गावी मिरगाच्या आधी फाटी मांगरात गेलीच पाहिजेत असा आजीचा दंडक होता, इथे आमचा मिरग ऑक्टोबरात येतो एवढाच फरक. उन्हाळे मात्र कोरडे असतात, त्यामुळे लाकूड फोडून एप्रिल-मेपर्यंत रचून टाका. इथे रेड आल्डर आणि डग्लस फर जास्त मिळतात. आल्डर लवकर वाळतं पण ओंडके तसेच पावसात ठेवले तर तेवढ्याच लवकर कुजतं, म्हणून आणल्या आणल्या फोडा. फर जास्त वेळ टिकतो आणि धगही जास्त देतो. हेमलॉक पाणी धरून बसतं, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. रेड सिडर फक्त चिपाट्यांना, चुरचुरत पटकन पेटतं. आता सगळे लिहितात की एक उन्हाळा पुरे, पण समुद्राच्या अगदी जवळ उन्हाळ्यात पण धुकं असतं, मला तर दोन उन्हाळे दिल्याशिवाय मीटर 20 च्या खाली दिसलाच नाही. म्हणजे यंदा जाळायचं ते आधीच पडून असायला हवं. रचताना खाली पॅलेट, वर पत्रा, आणि बाजू उघड्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळून ठेवलेली रास म्हणजे बुरशीची शेती, मी केलीय.

विकत घेताना एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट, 4 बाय 4 बाय 8 ची रचलेली रास. "पिकअपभर" हे माप नाही, मोठ्या पिकअपचा हौदा काठापर्यंत भरला तर साधारण अर्धा कॉर्ड होतो. पहिल्या वर्षी मी एकाकडून "सीझन्ड", म्हणजे वाळवलेलं, म्हणून घेतलं, घरी फोडून मीटर लावला तर 34 टक्के. तेव्हापासून विकणाऱ्यासमोर एक फाटा फोडायला सांगतो, संकोच करत नाही. आणि किनाऱ्यावर फुकट पडलेली वाहून आलेली लाकडं दिसतात ना, ती उचलू नका. समुद्राचं मीठ मुरलेलं असतं, ते जाळलं की लोखंड खातं आणि धूरही विषारी. रंगवलेलं, प्लायवूड, ट्रीटेड (औषध मारलेलं) लाकूड तर अजिबात नाही.

पेटवताना आपल्याकडे चुलीत खाली काटक्या, वर मोठी, आणि फुंकणी. इथे उलटं करून बघा. खाली दोन-तीन जाड फाटे, त्यावर बारीक, सगळ्यात वर चिपाट्या आणि कागद, आणि वरून काडी. धूर कमी होतो आणि चिमणी आधी गरम होते, जे इथे फार महत्त्वाचं, कारण चिमणी जी धूर ओढते ती आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर, आणि बाहेर 8 डिग्री असताना ती ओढ अशक्त असते. मिनेसोटातल्या उणे 20 मधल्या लोकांचा सल्ला इथे चालत नाही त्याचं हेच कारण. चिमणी गार असेल तर आधी एक पेटता कागद स्टोव्हच्या आत वरच्या बाजूला धरा, स्टोव्हजवळची खिडकी बोटभर उघडा, मग पेटवा.

आता फोडणीची गोष्ट. एका संध्याकाळी स्टोव्ह नुकताच पेटवलेला, बायकोनं आमटीला फोडणी टाकली आणि खकाणा नको म्हणून वरचा एक्झॉस्ट फुल केला. दोन मिनिटांत हिंगाचा वास गेला आणि धुराचा आला, हॉल भरून गेला. घर घट्ट बंद असेल तर एक्झॉस्टला हवा कुठून तरी लागतेच, ती चिमणीतून उलटी येते. तेव्हापासून नियम केला, फोडणीच्या वेळी एक खिडकी उघडी. आणि त्याच आठवड्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, तो लागतोच, कारण या विषारी वायूला वास नसतो.

पेटल्यावर हवेची खिटी पूर्ण उघडी ठेवा, पंधरा-वीस मिनिटं तरी, मग हळूहळू कमी करा. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे थंडी फार नाही म्हणून हवा बंद करून आग धुमसत ठेवणं. घर छान वाटतं, पण चिमणीत क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, साचतो आणि तो एक दिवस पेटतो. सिंगल वॉलचा (एकाच पत्र्याचा) पाइप असेल तर स्टोव्हच्या वर दीड फुटावर चुंबकाचा थर्मामीटर लावा, 250 ते 450 फॅरनहाइटच्या मधे राहिलं की बरोबर. उकाडा व्हायला लागला तर कमी लाकूड टाका, पण जोरात जाळा. लहान, गरम आग, आणि विझली तर विझू द्या. रात्रभर धुमसवायची गरज 3 डिग्रीत नसते. काच काळी पडायला लागली तर समजा लाकूड ओलं किंवा हवा कमी. पुसायला ओला वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवून घासा, भांड्यांना राख लावायचो तसंच.

स्टोव्हवर पाण्याची किटली ठेवायची फॅशन आहे, ती कोरड्या थंडीतल्या लोकांसाठी. आपल्याकडे आधीच ओल आहे, अजून वाफ कशाला? उलट आतल्या खोल्यांत कोमट हवा पोचवा. गरम हवा पंख्यानं ढकलायला जाऊ नका, गार खोलीत जमिनीवर छोटा पंखा ठेवून थंड हवा स्टोव्हकडे सोडा, वरून गरम हवा आपोआप तिकडे जाते. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली तेव्हापासून साड्या वाचल्या.

चिमणी वर्षातून एकदा माणूस बोलावून तपासून घ्या, उन्हाळ्यातच, ऑक्टोबरात कोणाची वेळ मिळत नाही. आत क्रिओसोटचा थर 3 मिलिमीटर झाला की साफ करायला झालाच. चिमणीत आग लागली की आगगाडीसारखा आवाज येतो, हवा बंद करा, सगळे बाहेर, आणि 911 ला फोन. जुना स्टोव्ह असलेलं घर घेताय तर बघा, ओरेगॉनात 2010 पासून कमी धुराचं सर्टिफिकेट नसलेला स्टोव्ह घर विकताना काढावाच लागतो.

राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, बाहेर सिमेंटवर, लाकडी डेकवर नाही. वरून विझलेली दिसते पण आत निखारे दोन-चार दिवस जिवंत राहतात. गार झाली की वाफ्यात थोडी टाकायला हरकत नाही, इथली माती पावसानं आंबट झालेली असते, फक्त ब्लूबेरीला लावू नका, तिला ती आंबटच हवी असते. आमच्या दोन गेल्या.